घरातल्या घरात फाईल जात नाही: खाली एक्सपी आणि सेव्हन, वर विंडोज ११ (शहापूर, बेळगाव)

शहापूर_छपाई · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितेय, सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज यायचा नाही.

आमचं घर शहापुरात. खाली बाबांचं डीटीपीचं काम, वर आम्ही राहतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांच्या पावत्या, संस्थांचे अहवाल. खालचा मुख्य कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा. त्यावर पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी टाइप करायचं श्रीलिपी. श्रीलिपीचं लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही, ते मागच्या पॅरलल पोर्टात बसलेलं आहे आणि नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. वीस वर्षांच्या पत्रिकांचे मजकूर आणि मांडण्या त्या डिस्कमध्ये आहेत. त्यामुळे ‘नवीन घ्या’ हा सल्ला कृपा करून देऊ नका, तो आम्हाला रोज मिळतो.

त्याच्या शेजारी विंडोज ७, बिलांसाठी आणि नुडीत कन्नड टाइप करण्यासाठी. वर माझा नवा लॅपटॉप, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती.

गिऱ्हाईक आता मजकूर आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतं. तो माझ्या लॅपटॉपवर येतो. खाली न्यायचा तर पेनड्राइव्ह. तपासणीची प्रत परत वर आणायची तर पुन्हा पेनड्राइव्ह. दिवसात पंधरा-वीस वेळा जिना होतो. गेल्या आठवड्यात त्याच पेनड्राइव्हमधून शॉर्टकटचा व्हायरस आला आणि सगळे फोल्डर लपले. फाईली मिळाल्या, पण बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट.

एक्सपीवर फोल्डर शेअर केलाय. लॅपटॉपवरून उघडायला गेले की ‘नेटवर्क पाथ सापडत नाही’ आणि शेवटी ८००७००३५ असा आकडा. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते. त्याच्या आत हे सुटायला हवं.

चिकोडीकर · सोमवार, रात्री १०:४०

ताई, फायरवॉल बंद करून बघा आधी. बहुतेक तेच असतंय.

टिळकवाडी_नेटवर्क · सोमवार, रात्री ११:०५

फायरवॉल लगेच बंद करू नका. या आकड्याचा अर्थ एवढाच, की पलीकडचं मशीन सापडलंच नाही. ते का सापडलं नाही, हे तो सांगत नाही. म्हणून अगदी तळापासून बघू.

तिन्ही मशीनवर काळी खिडकी उघडा, म्हणजे स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून. त्यात आयपीकॉन्फिग लिहा आणि प्रत्येकाचा आयपी पत्ता इथे टाका. मग लॅपटॉपवरून एक्सपीच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. इंटरनेटचा डबा कुठे आहे, खाली वायफाय कुठून येतं, हेही सांगा.

शहापूर_छपाई · मंगळवार, सकाळी ८:३०

एक्सपी: १९२.१६८.०.१०२
सेव्हन: १९२.१६८.०.१०३
लॅपटॉप: १९२.१६८.१.७

पिंग केलं तर चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आऊट’. फायबरचा डबा वर आहे. खाली सिग्नल येत नव्हता म्हणून दोन वर्षांपूर्वी एक राऊटर विकत आणला आणि वरच्या डब्यातून खाली वायर टाकून त्याला जोडला. खालची दोन्ही मशीनं त्या राऊटरला वायरने जोडलेली आहेत.

टिळकवाडी_नेटवर्क · मंगळवार, सकाळी ९:१५

सापडलं. निदान पहिला अडथळा तरी.

पत्त्यातला तिसरा आकडा बघा. खाली ० आहे, वर १ आहे. म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं झाली आहेत. खालचा राऊटर आपल्यापुरती वेगळी वस्ती करून बसलाय आणि वेशीवर दार लावलंय. आतून बाहेर जाता येतं, म्हणून खाली इंटरनेट चालतं आणि कधी शंका आली नाही. बाहेरून आत येणाऱ्याला मात्र ते दार उघडत नाही. तुमचा लॅपटॉप त्या दाराबाहेर उभा आहे. फायरवॉल बंद करून काही झालं नसतं.

हे आपल्याकडे घरोघरी आहे. फायबरचा डबा कंपनीचा, त्याला आपण आपला राऊटर जोडतो, आणि दोघंही पत्ते वाटत बसतात.

खालच्या राऊटरला फक्त वायर वाटणारा करायचा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर हाताने करावं लागेल. आधी राऊटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. हा पत्ता दुसऱ्या कुणाचा नाही ना हे बघून घ्या. मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. शेवटी वरून आलेली वायर वॅनच्या (बाहेरच्या नेटवर्कच्या) भोकातून काढून लॅनच्या (घरातल्या मशीनच्या) चारपैकी एका भोकात घाला. वॅनचं भोक बहुतेक वेगळ्या रंगाचं असतं, ते रिकामंच ठेवायचं. क्रम हाच ठेवा. आधी वायर हलवली तर सेटिंगमध्ये शिरताना गोंधळ होतो.

मग तिन्ही मशीनं बंद करून चालू करा. सगळ्यांचा तिसरा आकडा १ यायला हवा.

खानापूरकर · मंगळवार, दुपारी १:२०

माझ्याकडेही अगदी हेच आहे हे आत्ता कळलं! पावसाळ्यात खालच्या खोलीत सिग्नल नाही म्हणून दुसरा राऊटर टाकलेला. धागा पाहतोय.

शहापूर_छपाई · मंगळवार, रात्री ९:५०

झालं. मोड नव्हता, हातानेच केलं. आता एक्सपी १९२.१६८.१.१२ आणि सेव्हन १९२.१६८.१.१३. लॅपटॉपवरून पिंग केलं तर दोघंही उत्तर देतायत. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पण फोल्डर अजून उघडत नाही. आता आकडा गेला आणि सरळ वाक्य आलं: हा शेअर सुरक्षित नाही, त्याला एसएमबी१ हा कालबाह्य प्रोटोकॉल लागतो, अशा अर्थाचं.

चिकोडीकर · मंगळवार, रात्री १०:०५

हे मला माहीत आहे. लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’. तिथे ‘एसएमबी १.०’ असं असतंय, त्यात ‘क्लायंट’वर टिक करा, रीस्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम. आमच्या दुकानात मी तसंच केलंय, बिनबोभाट चालतंय.

उद्यमबाग_मेंटेनन्स · मंगळवार, रात्री १०:३१

चालतंय हे खरं आहे. तरी करू नका म्हणून सांगतो, आणि कारणही सांगतो.

मी वीस वर्सं कारखान्यातली मशीनंच सांभाळायलोय. आमच्याकडं सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनना, जोडलेले एक्सपी अजून आहेत. मशीन लाखांचं, त्याचा कॉम्प्युटर जुना. तो बदलला तर मशीन बोलत नाही. म्हणून तुमच्या बाबांचं दुखणं मला पुरतं कळतंय.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. तो याच एसएमबी१ मधल्या भोकातून शिरत होता. कुणी मेल उघडायची गरज नाही, काही क्लिक करायची गरज नाही. एका मशीनमध्ये शिरला की त्याच वायरवरची बाकीची मशीनं स्वतःच शोधत जायचा. भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी घातली नव्हती ते सापडले. लोकांना वाटतं एक्सपीच बळी पडले, पण लागण झालेली बहुतांश मशीनं विंडोज ७ ची होती. मी बघत होतो त्या एका वर्कशॉपात ड्रॉइंगचा सगळा फोल्डर कुलूपबंद झाला. बॅकअप सहा महिन्यांचा जुना. पोरं बसून गेजनं माप घेऊन पुन्हा ड्रॉइंग काढत होती. ते मी बघितलंय.

त्यामुळं नव्या लॅपटॉपवर ते दार उघडायचं नाही. लॅपटॉप कॉलेजात जातोय, हॉटेलच्या वायफायवर जातोय, गिऱ्हाइकाचं सगळं अटॅचमेंट त्याच्यावर उघडतंय.

चिकोडीकर · मंगळवार, रात्री १०:४४

मी फक्त क्लायंट म्हटलं, सर्व्हर नाही. क्लायंट चालू केला म्हणजे आपण जातो, कुणी आपल्याकडे येत नाही. इतका धोका नाही त्यात.

टिळकवाडी_नेटवर्क · मंगळवार, रात्री ११:२०

चिकोडीकर, तुमचा फरक बरोबर आहे. वॉनाक्राय सर्व्हरच्या बाजूने शिरायचा. पण एसएमबी१ मध्ये अडचण फक्त त्या एका भोकाची नाही. पुढच्या आवृत्त्यांत मधल्या माणसाने बोलणं बदलू नये यासाठी जे बंदोबस्त आले, त्यातले बरेचसे यात नाहीतच. शिवाय तो लॅपटॉपवर टिकणारही नाही. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१७ पासून, हा भाग पंधरा दिवस वापरला नाही तर विंडोज तो आपोआप काढून टाकते. गावाला जाऊन आलात की पुन्हा पहिल्यापासून.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे पुढचा उपाय पटेल. फाईल शेअरिंगची ही बोली म्हणजे एसएमबी. एक्सपीला फक्त पहिली आवृत्ती येते, त्याला दुसरी शिकवता येत नाही. दुसरी व्हिस्टाबरोबर आली, २.१ विंडोज ७ बरोबर, ३ विंडोज ८ बरोबर, आणि ३.१.१ विंडोज १० पासून. दोन मशीनं भेटली की दोघांना येणारी सगळ्यात वरची बोली ठरवतात. एक्सपीला १ च येते, तुमच्या लॅपटॉपने १ सोडून दिलीय. त्यांच्यात बोलायला काही उरलेलं नाही.

आता तुमच्या शेजारच्या सेव्हनकडे बघा. त्याला १ ही येते आणि २.१ ही येते.

उद्यमबाग_मेंटेनन्स · मंगळवार, रात्री ११:२६

हेच सांगायला बसलो होतो! आमच्याकडं सीएनसीला असंच केलंय. सेव्हन मध्ये दुभाष्या.

शहापूर_छपाई · बुधवार, सकाळी ७:४५

म्हणजे एक्सपी आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलायचंच नाही. दोघांनी सेव्हनवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवायचं आणि तिथूनच घ्यायचं. बरोबर?

घरात मराठी, दारात कन्नड बोलून बाबा दिवसभर हेच करतात. त्यांना मी असंच सांगितलं, त्यांना लगेच कळलं.

टिळकवाडी_नेटवर्क · बुधवार, सकाळी ९:००

अगदी बरोबर. सेव्हनवर ‘देवघेव’ सारखा एक फोल्डर करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता. तेवढाच शेअर करा. अख्खा डी ड्राइव्ह शेअर करू नका.

एक्सपी आणि सेव्हनला पत्ते कायमचे द्या. एक्सपीला १९२.१६८.१.२०, सेव्हनला १९२.१६८.१.२१, मास्क २५५.२५५.२५५.०. वरचा डबा कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते आधी बघा आणि त्या टापूच्या बाहेरचेच आकडे घ्या. एक्सपीला पत्ता देताना ‘डिफॉल्ट गेटवे’ आणि डीएनएस दोन्ही रकाने कोरे ठेवा. गेटवे म्हणजे घराबाहेर पडायचा रस्ता. तो माहीतच नसेल तर एक्सपी घरातल्या मशीनशी बोलेल, इंटरनेटवर जाणार नाही. एक्सपीला २०१४ पासून नियमित दुरुस्त्या मिळत नाहीत, त्याने बाहेर जायचं कारणच नाही.

आणि दोन्हींवर २०१७ ची ती दुरुस्ती आहे का बघा. एक्सपीसाठी केबी४०१२५९८, ती मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपल्यावरही मुद्दाम काढली. सेव्हनसाठी केबी४०१२२१२ किंवा ४०१२२१५, किंवा त्यानंतरचं कुठलंही मासिक अपडेट. लॅपटॉपवर उतरवून शेवटचं एकदा पेनड्राइव्हने न्या, पण पेनड्राइव्ह आधी फॉरमॅट करून.

निपाणी_झेरॉक्स · बुधवार, दुपारी १२:१०

मधेच विचारतो, विषय तोच आहे. माझ्या दुकानात सेकंडहँड मोठं झेरॉक्स मशीन आहे. सातबारा, आधार, सगळं स्कॅन करून कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकायचं. नवीन कॉम्प्युटर घेतल्यापासून स्कॅन फोल्डरमध्ये पडायचं बंद. मेकॅनिक म्हणतो मशीनचं कार्ड गेलं, बदलावं लागेल.

टिळकवाडी_नेटवर्क · बुधवार, दुपारी १२:४०

कार्ड बदलू नका. प्रिंट निघतेय आणि फक्त स्कॅन फोल्डरमध्ये जात नाही, म्हणजे कार्ड जिवंत आहे. त्या वयाच्या पुष्कळ मशीनना एसएमबी१ एवढंच येतं. मशीनच्या मेनूत ‘स्कॅन टू एफटीपी’ आहे का बघा. एफटीपी म्हणजे फाईल पाठवायची दुसरी, जुनी रीत. असेल तर कॉम्प्युटरवर एक छोटा एफटीपी सर्व्हर टाका, उदाहरणार्थ फाईलझिला सर्व्हर, आणि मशीनला तो पत्ता द्या. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून त्यासाठी वेगळं खातं करा, आणि ते फक्त दुकानाच्या आत. काही मशीनना नवीन फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकल्यावर एसएमबी२ येतं, तेही विचारून घ्या.

शहापूर_छपाई · बुधवार, रात्री १०:५५

आजचा हिशेब. थोडं जमलं, थोडं बिघडलं.

एक्सपीवरून सेव्हनचा फोल्डर लगेच उघडला. बाबांनी त्यात एक फाईल टाकली, शेजारच्या पडद्यावर ती दिसली, आणि ते नुसते बघत राहिले.

पण लॅपटॉपवरून उघडत नाही. आता म्हणतो की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न देणाऱ्या पाहुण्याला प्रवेश बंद आहे. माझी कसली संस्था? घरचा लॅपटॉप आहे.

आणि उत्साहात मी सेव्हनचाही गेटवे कोरा केला. त्यानंतर एक्सपीवरूनही फोल्डर उघडायचा बंद झाला! गेटवे परत घातल्यावर चालू झाला. हे कळलं नाही.

टिळकवाडी_नेटवर्क · बुधवार, रात्री ११:३०

दुसरं आधी, कारण ती चूक माझी. मी एक्सपीचं सांगितलं, पण सेव्हनला तसं करू नका हे सांगायचं राहिलं. विंडोज ७ ला गेटवे दिसला नाही की ते नेटवर्क ‘अनोळखी’ ठरवतं आणि ‘पब्लिक’ नियम लावतं. पब्लिकमध्ये शेअरिंग बंद. एक्सपीत ही भानगड नाही. सेव्हनला गेटवे राहू द्या आणि त्याचं इंटरनेट वरच्या डब्यातून अडवा. डब्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस कंट्रोल’ किंवा ‘पॅरेंटल कंट्रोल’ असतं, त्यात सेव्हनचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, टाकायचा. विंडोज ७ च्या दुरुस्त्याही जानेवारी २०२० मध्ये थांबल्यात, त्यालाही बाहेर सोडायचं नाही.

आता पाहुण्याचं. ‘संस्था’ शब्दाने घाबरू नका, ते वाक्य सगळीकडे तेच येतं. सेव्हनवर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद आहे ना? म्हणजे येईल त्याला सेव्हन ‘गेस्ट’ म्हणून आत घेतोय. विंडोज ११ प्रोने २४एच२ पासून गेस्ट म्हणून जाणंच बंद केलंय. शिवाय आता प्रत्येक निरोपावर सही लागते, आणि गेस्टला पासवर्डच नसतो, तर सही कशाने करणार? इंटरनेटवर यावर रजिस्ट्रीत बदल करून गेस्ट चालू करण्याचे उपाय खूप सापडतील. त्यातला एकही करू नका. सेव्हनला पासवर्ड द्या, सगळं सरळ होईल.

शहापूर_छपाई · बुधवार, रात्री ११:४२

बाबांना पासवर्ड चालत नाही. बटण दाबलं की डेस्कटॉप यायला हवा. त्यांचं वय ७१ आहे, आणि मला त्यांना नवीन त्रास द्यायचा नाही. हे मी अगदी मनापासून सांगते.

टिळकवाडी_नेटवर्क · गुरुवार, सकाळी ८:१०

त्यांना एकदाही टाइप करावा लागणार नाही, असंच करू.

सेव्हनवर नवीन खातं करा, इंग्रजीत ‘प्रेस’ नावाचं, चांगला पासवर्ड देऊन. ‘देवघेव’ फोल्डरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज. तिथे ‘शेअरिंग’मध्ये या खात्याला वाचायची आणि बदलायची परवानगी द्या, आणि ‘सिक्युरिटी’मध्येही द्या. दोन्हीकडे द्यायचं विसरू नका. दोहोंतली जी कडक, ती लागू होते. एका ठिकाणी दिली आणि दुसऱ्या ठिकाणी राहिली म्हणून रात्र घालवणारे मी खूप पाहिलेत. मग ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू करा.

एक्सपीवर बाबांचं जे खातं आहे, त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं खातं सेव्हनवरही करा आणि फोल्डरची परवानगी त्यालाही द्या. एक्सपीच्या खात्याला पासवर्ड नसेल तर द्यावा लागेल, कारण कोऱ्या पासवर्डचं खातं नेटवर्कवरून आत घेतच नाहीत. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे असले की एक्सपी न विचारता आत जातो. मग एक्सपीत रनमध्ये ‘कंट्रोल यूजरपासवर्ड्स२’ लिहा, वरची टिक काढा, एकदाच पासवर्ड द्या. त्यानंतर बटण दाबलं की डेस्कटॉप, पूर्वीसारखाच.

लॅपटॉपवर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये विंडोज क्रेडेन्शियल जोडा: पत्ता १९२.१६८.१.२१, नाव ‘प्रेस’, त्याचा पासवर्ड. लॅपटॉप उघडायला तुम्ही जो पिन टाकता तो इथे चालत नाही, पिन त्या लॅपटॉपपुरताच असतो.

शेवटी एक्सपी आणि लॅपटॉप दोन्हींवर तो फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडा, ‘पुन्हा लॉगऑन केल्यावर जोडा’ला टिक करून. ‘नेटवर्क’ उघडून तिथे मशीन शोधत बसू नका. ती यादी कधी भरते, कधी रिकामी राहते. थेट पत्ता लिहायचा.

उद्यमबाग_मेंटेनन्स · गुरुवार, सकाळी ८:५०

सेव्हनचं स्लीप बंद करा ताई, नाहीतर दुपारी जेवून आल्यावर झेड ड्राइव्हवर लाल फुली दिसतीया. आणि यूपीएस द्या त्याला. फाईल अर्धी लिहिताना लाईट गेली तर पेजमेकरची फाईल परत उघडत नाही.

अजून एक. पेजमेकरात झेडवरची फाईल थेट उघडून काम करायचं नाही. आधी स्वतःच्या डिस्कवर आणायची, काम संपलं की झेडवर टाकायची.

शहापूर_छपाई · शुक्रवार, रात्री ९:२०

चालू झालं!

संध्याकाळी हलग्याच्या एका घरची पत्रिका होती, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. मराठी मजकूर माझ्या लॅपटॉपवर आला, झेडमध्ये टाकला, खाली बाबांनी उचलला. कन्नड बाजू सेव्हनवर नुडीत झाली. तपासणीची प्रत पीडीएफ करून झेडमध्ये आली आणि मी वरून गिऱ्हाइकाला पाठवली. मी जिना एकदाही उतरले नाही.

एक गोष्ट इतरांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आधी बाबांनी पेजमेकरची मूळ फाईल ठेवली होती. तिच्यातला मजकूर काढून बघितला तर माझ्याकडे सगळी अगम्य अक्षरं. क्षणभर वाटलं नेटवर्कने फाईल खराब केली. तसं नव्हतं. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यांच्यात इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठीचे आकार बसवलेले आहेत. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. उलट दिशेनंही तसंच: व्हॉट्सॲपवरचा युनिकोड मजकूर पेजमेकरात थेट चिकटत नाही, आधी कन्व्हर्टरमधून न्यावा लागतो. म्हणून आता वर येताना पीडीएफ, खाली जाताना बदललेला मजकूर.

टिळकवाडी_नेटवर्क · शुक्रवार, रात्री ९:४५

फार बरं वाटलं. लॅपटॉपवर पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा, गेट-एसएमबीकनेक्शन लिहा, आणि ‘डायलेक्ट’च्या रकान्यात काय येतं सांगा.

शहापूर_छपाई · शुक्रवार, रात्री ९:५८

२.१ आलं.

टिळकवाडी_नेटवर्क · शुक्रवार, रात्री १०:०२

मग लॅपटॉप सेव्हनशी दुसऱ्या बोलीत बोलतोय, आणि पहिली बोली खालच्या दोन मशीनपुरतीच राहिली.

खानापूरकर · शनिवार, सकाळी १०:३०

माझे दोन राऊटर एक झाले, धन्यवाद. पण माझ्याकडे मधला सेव्हन नाही. राऊटरच्या यूएसबीला हार्डडिस्क लावलीय, त्यात मुलांचे फोटो. जुन्या लॅपटॉपवर उघडते, नव्यावर तेच एसएमबी१ चं वाक्य.

टिळकवाडी_नेटवर्क · शनिवार, सकाळी ११:१५

तुमचा राऊटरच पहिल्या बोलीत अडकलाय. फर्मवेअर नवीन आलं असेल तर टाकून बघा, काहींना त्याने एसएमबी२ येतं. नाही आलं तर राऊटरमध्ये त्या डिस्कसाठी एफटीपी असतं, ते घरापुरतं चालू करा. ‘इंटरनेटवरून प्रवेश’ असं जे बटण असतं ते बंदच ठेवा. फोटो एकुलते एक असतील तर मात्र डिस्क काढून थेट नव्या लॅपटॉपला लावा आणि आधी प्रत करून घ्या, बाकी सगळं नंतर.

उद्यमबाग_मेंटेनन्स · शनिवार, सकाळी ११:४०

शहापूरच्या ताई, हेच तुम्हालाही. एक्सपीची डिस्क आयडीईची आहे ना, चपटी रुंद पट्टी असलेली? वीस वर्सं फिरतीय ती. झेड ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्कची अख्खी प्रतिमा काढून ठेवा. नुसत्या फाईली नकोत, विंडोज आणि श्रीलिपीसकट सगळं, म्हणजे उद्या डिस्क गेली तर दुसऱ्या डिस्कवर तसंच्या तसं उतरवता येतंय. आयडीई ते यूएसबीचं ॲडॉप्टर माझ्याकडं आहे. आणि घड्याळ बघा एक्सपीचं. रोज सकाळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सेल बदला, २०३२ नंबरचा. नाहीतर फाईलींच्या तारखा चुकतात आणि नवी कुठली, जुनी कुठली कळत नाही.

शहापूर_छपाई · शनिवार, दुपारी ३:०५

खरंच २००२ दाखवतोय. बाबा म्हणाले, तो तसाच आहे चार वर्षं. सेल आत्ताच आणला.

ॲडॉप्टरचं तुम्ही स्वतःहून म्हणालात म्हणून विचारते, उद्या सकाळी मी घ्यायला येऊ शकते. काम दुपारपर्यंत बंद ठेवायला बाबा तयार झालेत. लॉक काढून ठेवू का, की पोर्टातच राहू दे?

उद्यमबाग_मेंटेनन्स · शनिवार, दुपारी ३:२२

लॉकला हात लावू नका, जुन्या पोर्टाचे स्क्रू सुटताना पिना वाकतात. मशीन बंद करून फक्त डिस्क बाहेर काढायची. जम्पर, म्हणजे डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी, कुठं आहे त्याचा फोटो आधी काढून ठेवा. दहाला मीच येतो शहापुरात, तुम्ही कशाला तिकडून येताय. प्रतिमा ठेवायला तेवढी एक रिकामी बाहेरची डिस्क तयार ठेवा, एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली. एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाईल बसत नाही.